चौदा सर्व्हिसेस, तीन भाषा आणि डॅपरचा निर्णय

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहेत. किराणा मालाच्या वितरकांसाठी ऑर्डर, साठा, गाड्यांच्या फेऱ्या आणि बिलं सांभाळणारी प्रणाली त्यांची टीम चालवते. पूर्वी सगळं एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये होतं. ते फोडून आता १४ मायक्रोसर्व्हिसेस (स्वतंत्रपणे चालणारे छोटे प्रोग्रॅम) झाल्या आहेत, काही जावात, काही पायथनमध्ये, काही नोडवर. माणसं मात्र ९. सगळं एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरच्या कुबरनेटिस क्लस्टरमध्ये (प्रोग्रॅम अनेक संगणकांवर मिळून चालवणारी व्यवस्था) चालतं. संदेशांसाठी एडब्ल्यूएसच्या एसएनएस-एसक्यूएस या रांगा, कॅशसाठी (लागणारा डेटा हाताशी ठेवायला) रेडिस, मुख्य डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. रिट्राय (फसलेला कॉल पुन्हा करणं), टाइमआउट (उत्तराची किती वाट बघायची), पासवर्ड वाचणं, संदेश पाठवणं हे प्रत्येक सर्व्हिसमध्ये ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने लिहिलं आहे. मध्यंतरी एकाच ऑर्डरची दोन बिलं गेली आणि ग्राहकापुढे मान खाली घालावी लागली. आता एका मोठ्या ग्राहकाला हीच प्रणाली मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर, स्वतःच्या खात्यात हवी आहे. टीममधल्या एका तरुण सहकाऱ्याने डॅपर (अशी सामाईक कामं सर्व्हिसच्या कोडबाहेर सांभाळणारं खुलं सॉफ्टवेअर) वापरून डेमो दाखवला, तो सगळ्यांना आवडला. ज्येष्ठ आर्किटेक्टचा विरोध आहे. त्यांच्या मते हा आणखी एक थर सांभाळावा लागेल. मॅनेजर विचारतात, किती महिने वाचतील. पत्रलेखिकांचा प्रश्न असा: "डॅपर घेतलं तर आमचं काम खरंच सोपं होईल का? घ्यायचंच तर १४ सर्व्हिसेस एकदम हलवाव्यात का? काही बिघडलं की रात्री फोन मलाच येतो, म्हणून विचारते."

नमस्कार,

तुमच्या पत्रात दोन बिलांचा उल्लेख एका ओळीत येऊन जातो. मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

डॅपर असतं तरी ती दोन बिलं गेलीच असती. डॅपरमधून पाठवलेला संदेश किमान एकदा पोहोचेल एवढीच हमी असते, एसक्यूएसच्या साध्या रांगेचीही तीच. बिलिंग सर्व्हिसने बिल बनवलं, पण 'झालं' हे उत्तर परत जाण्याआधी पॉड (सर्व्हिस ज्यात चालते तो कुबरनेटिसचा डबा) बंद पडला, तर तोच संदेश पुन्हा येणार. यात कुणाची चूक नाही, वितरित प्रणालींचा हा स्वभावच आहे. त्यामुळे संदेश दुसऱ्यांदा आला आहे हे बिलिंग सर्व्हिसलाच ओळखता आलं पाहिजे. पोस्टग्रेसच्या टेबलावर युनिक बंधन (तीच नोंद दुसऱ्यांदा होऊ न देणारा नियम) घालायचं आणि दुसऱ्यांदा आलेल्या संदेशाला निमूटपणे यशस्वी उत्तर द्यायचं, एवढंच ते काम आहे. पण बंधन कशावर घालायचं? ऑर्डर क्रमांकावर घातलं, आणि अर्धा माल आज, अर्धा उद्या असा गेला, तर दुसरं बिल जे निघायलाच हवं तेही अडेल. मग डिलिव्हरीच्या क्रमांकावर घालायचं का? हे हिशेब बघणाऱ्या माणसाला विचारून ठरवावं लागेल. डॅपरसारखं कोणतंही रनटाइम ते तुमच्यासाठी ठरवणार नाही. डॅपरचा निर्णय काहीही होवो, हे काम या आठवड्यात करून टाका.

हे आधी सांगायचं कारण असं, की पत्रात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. पहिलं म्हणजे तेच ते काम प्रत्येक सर्व्हिसमध्ये पुन्हा पुन्हा, आणि तेही तीन भाषांत, लिहावं लागतं. दुसरं म्हणजे कोणता डेटा कोणाचा, कोणतं काम कुठे संपतं, दोनदा आलं तर काय, अर्धवट राहिलं तर काय, हे नीट ठरलेलं नाही. डॅपरचं औषध पहिल्या दुखण्यावर आहे आणि ते चांगलं आहे. दुसऱ्यावर त्याचा काही उपयोग नाही. गेल्या काही महिन्यांची तिकिटं काढा आणि टीमसोबत बसून प्रत्येकावर लिहा: हे पहिलं की दुसरं? पहिल्या प्रकारची तिकिटं थोडीच निघाली तर डॅपरची घाई करू नका.

डॅपर काय आहे हे इतर वाचकांसाठी सांगतो. मायक्रोसॉफ्टने ते २०१९च्या ऑक्टोबरमध्ये खुल्या परवान्यासह जाहीर केलं, २०२१च्या फेब्रुवारीत १.० आवृत्ती आली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे गेलं आणि २०२४मध्ये तिथे 'ग्रॅज्युएटेड' (परिपक्व मानलेला) प्रकल्प ठरलं. म्हणजे ते आता एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. गो भाषेत लिहिलेला हा एक प्रोसेस तुमच्या प्रत्येक सर्व्हिसच्या शेजारी, त्याच पॉडमध्ये, साइडकार म्हणून चालतो. तुमचा कोड त्याच्याशी लोकलहोस्टवर साध्या एचटीटीपी किंवा जीआरपीसीने बोलतो. एचटीटीपीचा नेहमीचा पोर्ट ३५००. 'हा संदेश या टॉपिकवर टाक', 'ही किल्ली या मूल्यासह साठव', 'त्या सर्व्हिसची ही मेथड बोलव', 'हे सिक्रेट, म्हणजे पासवर्ड वगैरे, दे' एवढंच कोड सांगतो. मागे एसक्यूएस आहे की अझूरची संदेशसेवा, सर्व्हिस बस, हे एका वायएएमएल फाइलमध्ये (साध्या मजकुरातली सेटिंगची फाइल) लिहिलेलं असतं. त्या फाइलला कॉम्पोनंट म्हणतात.

तुमच्यासारख्या टीमला याचा फायदा कुठे होतो, तर तीन भाषांमध्ये. तुमच्या सगळ्या सर्व्हिसेस जावात असत्या तर मी म्हटलं असतं, स्प्रिंगच्या लायब्रऱ्या आणि एक नीट सांभाळलेलं सामाईक मॉड्यूल पुरे आहे, वेगळ्या रनटाइमच्या फंदात पडू नका. हे वाचणाऱ्या बऱ्याच टीमना तेच लागू पडेल. पण रिट्रायचे नियम जावात एक, पायथनमध्ये दुसरे आणि नोडमध्ये मुळीच नाहीत, अशी गत असेल तर ते नियम कोडबाहेर एका जागी नेणं मोलाचं आहे. डॅपरमध्ये टाइमआउट, रिट्राय आणि सर्किट ब्रेकर (सतत फसणारे कॉल काही काळ थांबवणं) यांची धोरणं वेगळ्या फाइलमध्ये लिहिता येतात आणि ती तिन्ही भाषांतल्या सर्व्हिसेसना सारखीच लागू होतात. ट्रेसिंगचंही, म्हणजे एखादी विनंती कुठून कुठे गेली हे बघण्याचंही, तसंच. सर्व्हिसेसमधले कॉल आणि संदेश साइडकारमधून जात असल्याने त्यांचा माग लागतो, फक्त तुमच्या कोडने आलेला ट्रेस हेडर पुढे पाठवायला हवा.

इथे एक खड्डा आहे, तो आधीच सांगतो. जुन्या कोडमधला रिट्राय तसाच ठेवून वरून डॅपरचा लावला तर दोघांचा गुणाकार होतो. कोड तीनदा प्रयत्न करतो, प्रत्येक वेळी साइडकार तीनदा, म्हणजे आधीच धापा टाकत असलेल्या साठा सर्व्हिसवर एकाऐवजी नऊ कॉल आदळतात. सर्व्हिसेसच्या आपसातल्या कॉलसाठी डॅपर काही अडचणींत स्वतःहूनही रिट्राय करतं, तुम्ही धोरण लिहिलं नसलं तरी. म्हणून डॅपर लावण्याच्या कामात जुना कोड काढणं धरलेलंच असलं पाहिजे. 'नंतर काढू' म्हणून ठेवलेला कोड पुढच्या दिवाळीतही तिथेच असतो.

आता अझूरकडे वळू. पत्राच्या सुरात असं गृहीत धरलेलं दिसतं, की डॅपर आलं म्हणजे कॉम्पोनंटची फाइल बदलली की प्रणाली अझूरवर चालू. डेमोमध्ये असंच दिसतं आणि ते खोटं नाही. पण एपीआय सारखं असलं म्हणून मागच्या सेवांचं वागणं सारखं होत नाही. एसक्यूएसची साधी रांग संदेशांचा क्रम पाळायची हमी देत नाही, फिफो (आधी आलेला आधी) रांग देते. अझूर सर्व्हिस बसमध्ये क्रमासाठी सेशन वापरावे लागतात. 'गाडी निघाली' आधी आणि 'माल उतरवला' नंतर यायलाच हवं असं तुमच्या ट्रॅकिंगच्या कोडने कुठेतरी मनाशी धरलं असेल, तर ते अझूरवर गेल्यावर, गर्दीच्या दिवशी कळेल. संदेशाची कमाल लांबी, अडकलेल्या संदेशांचं काय होतं, मुदत कशी संपते, हे सगळं सेवेगणिक बदलतं. स्टेट स्टोअरचंही, म्हणजे डॅपर ज्यात डेटा साठवतं त्या साठ्याचंही, तसंच आहे. काहींमध्ये ट्रान्झॅक्शन (सगळे बदल होतील किंवा एकही नाही) चालतात, काहींमध्ये नाहीत. त्यामुळे डॅपर बदलाचा खर्च कमी करतं असं म्हणा, शून्य करतं असं ग्राहकाला सांगू नका. बिल्डमध्ये दोन्ही खऱ्या सेवांवर चाचण्या चालवा. लॅपटॉपवर डॅपर सुरू केलं की ते रेडिस उभं करून देतं, सोय छान आहे. पण रेडिसवर हिरवी झालेली चाचणी सर्व्हिस बसबद्दल काही सांगत नाही.

पोस्टग्रेसला हात लावू नका, हे मी आग्रहाने सांगेन. डॅपरचं स्टेट एपीआय हे मुळात किल्ली आणि तिच्याखालचं मूल्य अशा साठ्यासाठी आहे. तुमची थकबाकीची यादी, जिल्हावार विक्री, जॉइन लावलेले अहवाल हे सगळं जिथे आहे तिथेच राहू दे आणि तुमची सर्व्हिस पोस्टग्रेसशी थेटच बोलू दे. डॅपर घेतलं म्हणून त्याचे सगळे भाग वापरले पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. अझूरवर पोस्टग्रेस व्यवस्थापित सेवा म्हणून मिळतं, तिथे स्थलांतराचा प्रश्नच फारसा नाही.

रेडिसमध्ये आज असलेला डेटा डॅपरमधून वाचायला जाल तर सापडणार नाही, हेही लक्षात ठेवा. डॅपर किल्लीच्या आधी सर्व्हिसचं नाव लावतं आणि मूल्य रेडिसच्या हॅशमध्ये, आवृत्तीसह ठेवतं. दोन सर्व्हिसेस आज एकच किल्ली वाचत असतील तर त्या डॅपरवर गेल्यावर एकमेकींचं काहीच बघू शकणार नाहीत. किल्लीचं नाव कसं बनावं हे बदलता येतं, पण त्याआधी विचारा की दोन सर्व्हिसेस एकाच डेटावर का लिहीत आहेत. संदेशांचीही अशीच गोष्ट: डॅपर तुमचा संदेश क्लाउडइव्हेंट्स नावाच्या ठरलेल्या पाकिटात घालून पाठवतं. पाठवणारी सर्व्हिस डॅपरवर गेली आणि घेणारी अजून जुनीच असली, तर तिला अनोळखी जेएसओएन दिसेल आणि ती तो टाकून देईल. पाकिटाशिवाय पाठवायची सोय आहे; अर्धवट स्थलांतराच्या काळात ती वापरावी लागेल.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. १४ सर्व्हिसेस एकदम हलवू नका. एक संदेशप्रवाह निवडा, ज्यात दोन भाषा येतात आणि जो बिघडला तर पैशाचं नुकसान होत नाही. मी तुमच्या जागी असतो तर गाडीच्या ट्रॅकिंगचे संदेश घेतले असते: नोडमधून निघतात, पायथनमध्ये पोहोचतात, एखादा उशिरा गेला तर वितरक चिडेल पण हिशेब बिघडणार नाही. फक्त पब-सब (टॉपिकवर संदेश टाकणं आणि घेणं) आणि सिक्रेट हे दोनच भाग वापरा. सिक्रेट एडब्ल्यूएसवर सिक्रेट्स मॅनेजरमधून आणि अझूरवर की व्हॉल्टमधून येऊ द्या. एक कॉम्पोनंट फाइल एडब्ल्यूएसची, एक अझूरची, आणि कोड तोच. या एका प्रवाहात अझूरच्या ग्राहकाबद्दलचे निम्मे प्रश्न समोर येतील.

आता तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांबद्दल. त्यांना नव्याची भीती वाटते असं पत्रातून ध्वनित होतं. मला तसं वाटत नाही. त्यांचा मुद्दा खरा आहे, फक्त तो तपशिलात मांडला गेलेला नाही. तो असा मांडता येईल. एका सर्व्हिसने दुसरीला बोलावलं की वाटेत दोन साइडकार येतात. डॅपरच्या दस्तऐवजांतल्या चाचण्यांमध्ये त्यापायी लागणारा जादा वेळ एक-दोन मिलिसेकंदांच्या घरात आहे, पण एका स्क्रीनसाठी सहा कॉलची साखळी लागत असेल तर तो साठत जातो. प्रत्येक पॉडमागे थोडी मेमरी आणि सीपीयू. क्लस्टरमध्ये डॅपरच्या स्वतःच्या सेवा: ऑपरेटर, साइडकार इंजेक्टर, प्रमाणपत्रं देणारी सेंट्री, प्लेसमेंट, शेड्युलर. त्यांच्याही आवृत्त्या वाढवत राहावं लागतं, कारण जुन्या आवृत्त्यांना आधार फार काळ मिळत नाही. इंजेक्टर बंद असताना पॉड सुरू झाला तर तो साइडकारशिवायच उभा राहू शकतो. साइडकार तयार होण्याआधी सर्व्हिसने त्याला हाक मारली तर पहिलेच काही कॉल पडतात, म्हणून सुरुवातीला त्याची हेल्थ तपासावी लागते. महिनाअखेरची बिलं काढणारा तुमचा कुबरनेटिस जॉब आपलं काम संपवेल, पण शेजारचा साइडकार चालूच राहील आणि जॉब संपल्याचं क्लस्टरला कळणार नाही. शेवटी साइडकारला बंद हो असं सांगावं लागतं.

सुरक्षेच्या बाबतीत मूळ मांडणी चांगली आहे. साइडकारांमधलं बोलणं एमटीएलएसने, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्र दाखवून, आपोआप कूटबद्ध होतं. पण कॉम्पोनंटवर स्कोप (कोणत्या सर्व्हिसेसना तो वापरता येईल याची यादी) लावला नाही, तर तो त्या नेमस्पेसमधल्या (क्लस्टरमधला एक कप्पा) सगळ्या डॅपर सर्व्हिसेसना खुला असतो. म्हणजे एसएमएस पाठवणारी सर्व्हिसही बिलिंगची सिक्रेट्स मागू शकते. पहिल्या दिवसापासून स्कोप लिहा, नंतर लावताना कोण कशावर अवलंबून आहे हे शोधण्यात आठवडे जातात.

ही सगळी यादी तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना द्या आणि म्हणा, या प्रयोगात काय काय मोडून बघायचं ते तुम्ही ठरवा. चालता साइडकार मारा. रांग बंद करा. तोच संदेश दोनदा पाठवा. भर कामात डॅपरची आवृत्ती वाढवा. प्रत्येक वेळी काय दिसलं, कोणत्या लॉगमध्ये दिसलं, किती वेळात सावरलं, हे लिहून ठेवा. आणि कोड त्या तरुण सहकाऱ्यालाच लिहू द्या. दोघांपैकी कुणाचं बरोबर हे मतांवरून ठरवायची वेळ तुमच्यावर येणार नाही, आणि पुढे डॅपर आलंच तर विरोध करणारा माणूसच ते सगळ्यात चांगलं ओळखणारा असेल.

तुमच्या ऑर्डरचा प्रवास, म्हणजे साठा राखून ठेवणं, गाडी नेमणं, बिल काढणं, मध्ये काही फसलं तर राखलेला साठा सोडणं, यासाठी डॅपरचं वर्कफ्लो (टप्प्याटप्प्याचं लांब काम चालवणारा भाग) मोहात पाडेल. २०२५मध्ये, १.१५ आवृत्तीत ते स्थिर म्हणून जाहीर झालं. मला ते मनापासून आवडतं, कारण अर्धवट राहिलेलं काम पॉड मेला तरी पुढे चालू होतं. पण त्यात कोड लिहायची शिस्त वेगळी आहे: वर्कफ्लोचा कोड पुन्हा पुन्हा पहिल्यापासून चालवला जातो, त्यामुळे त्यात थेट घड्याळ बघायचं नाही, यादृच्छिक आकडा घ्यायचा नाही, डेटाबेसला थेट हात घालायचा नाही. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. पहिल्या प्रयोगात नको.

आणखी एक गोष्ट, थोडी नाजूक. ९ माणसं आणि १४ सर्व्हिसेस. डॅपरमुळे सर्व्हिसेसनी एकमेकींशी बोलणं सोपं होतं, आणि म्हणूनच पंधरावी काढणंही सोपं वाटू लागतं. ज्या दोन सर्व्हिसेस नेहमी एकत्रच डिप्लॉय कराव्या लागतात, किंवा एकाच टेबलावर लिहितात, त्या पुन्हा एक करून टाकायला लाजू नका. साठा आणि ऑर्डर एकाच ठिकाणी आल्या तर त्यांच्यातला रिट्राय, टाइमआउट, दुहेरी संदेश हे सगळे प्रश्नच उरत नाहीत, तिथे एक साधं डेटाबेस ट्रान्झॅक्शन पुरतं. आर्किटेक्टसोबत हे बोलायला बसलात तर कदाचित तुमचं पटकन जुळेल.

मॅनेजरना महिन्यांचा आकडा देऊ नका, तो आज कुणालाच प्रामाणिकपणे देता येणार नाही. त्यांना सांगा की ट्रॅकिंगचा प्रवाह अझूरवर कधी दाखवणार, त्यासाठी कोणती दोन माणसं लागतील, आणि त्यानंतर कोणत्या तीन गोष्टींवर पुढे जायचं की थांबायचं ते ठरेल: किती जुना कोड प्रत्यक्ष निघाला, गर्दीच्या वेळी प्रतिसाद किती मंदावला, आणि प्रयोगात जे मोडलं ते तुमच्याशिवाय कुणाला दुरुस्त करता आलं का. थांबायचं ठरलं तर मागे येणं सोपं राहावं म्हणून डॅपरचा कॉल प्रत्येक सर्व्हिसमध्ये एकाच छोट्या फाइलमागे ठेवा. एडब्ल्यूएसवर डॅपर तुम्हालाच हेल्म या कुबरनेटिसच्या साधनाने बसवून सांभाळायचं आहे. अझूरच्या कुबरनेटिस सेवेत मात्र ते एक्स्टेन्शन म्हणून मिळतं. त्या ग्राहकाशी बोलताना हे आधी विचारून घ्या, कारण आवृत्ती कोण वाढवणार हे त्यावर ठरेल.

राहता राहिला रात्रीचा फोन. डॅपर आल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तो कमी होणार नाही, बहुधा वाढेल, कारण बिघाड होण्याची एक नवी जागा तयार झालेली असेल आणि तिचे लॉग वाचायची कुणालाच सवय नसेल. म्हणून प्रॉडक्शनला जाण्याआधी निदान तिघांना साइडकारचे लॉग वाचता आले पाहिजेत आणि फोनची पाळी त्या तिघांत वाटलेली पाहिजे. पाळी वाटली गेली नाही तर प्रॉडक्शनची तारीख पुढे ढकला, हे तुम्ही मॅनेजरना स्पष्ट सांगू शकता आणि सांगायला हवं. आज जो भार तुम्ही एकट्या उचलताय तो कोणत्याही साधनाने हलका होणार नाही, तो माणसांमध्येच वाटावा लागेल. डॅपर बसवताना स्वतःचं मूळ प्रमाणपत्र दिलं नाही, तर ते जे तयार करतं त्याची मुदत एक वर्ष असते. ती संपली की सर्व्हिसेसचं आपसातलं बोलणं थांबतं. ही तारीख पहिल्याच दिवशी टीमच्या सामाईक कॅलेंडरमध्ये टाका, महिनाभर आधी आठवण येईल अशी, आणि नूतनीकरणाचं काम तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लिहा.